स्पिट्सबर्गेन : झाड नाही, मांजर नाही, पण भारताची सही आहे

शुक्रवार

आधी व्हिसाचं सांगून टाकते, कारण परत आल्यापासून सगळ्यात जास्त हेच विचारलं गेलंय. स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या ज्या बेटांमध्ये स्पिट्सबर्गेन येतं तिथे, जायला व्हिसा लागत नाही. कुणालाच लागत नाही. पण तिकडचं विमान नॉर्वेतून सुटतं, नॉर्वे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर, म्हणजे तुम्ही एकदा आत शिरता, मग बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता, त्यामुळे डबल किंवा मल्टिपल एंट्री पाहिजेच, सिंगल घेऊन गेलात तर परत येताना वांधे. नॉर्वेतल्याच ट्रोम्सोला विमान थांबलं, सगळ्यांना खाली उतरवलं, पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का मारला आणि परत त्याच विमानात, त्याच सीटवर बसवलं.

ताई म्हणाली, "अगं, पुढे पण नॉर्वेच आहे ना?"

आहे, आणि म्हटलं तर नाही पण. ते करारबिरार प्रकरण पुढे येईल.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, बँकेतून रिटायर झालेली, थंडी अजिबात सहन न होणारी. मी शाळेत भूगोल शिकवते आणि दरवर्षी नववीच्या पोरांना मध्यरात्रीचा सूर्य फळ्यावर काढून दाखवते, तो एकदा स्वतः बघायचा होता. जुलै २०२५ चं तिकीट काढलं आणि ताईला सोबत ओढलं.

नकाशात बघायचं तर नॉर्वेच्या वरच्या टोकापासून अजून वर जा, समुद्रच समुद्र, मग ७४ ते ८१ अंशांच्या मध्ये बेटांचा एक पुंजका दिसतो. तो स्वालबार्ड. त्यातलं सगळ्यात मोठं बेट स्पिट्सबर्गेन. पूर्ण पुंजका साधारण ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग बर्फाखाली. मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंशांवर, लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास, तिथून उत्तर ध्रुव जेमतेम तेराशे किलोमीटर. ढग फाटले आणि खिडकीतून पहिल्यांदा डोंगर दिसले ते सगळे टोकदार, काळे, मधल्या घळींमध्ये पांढरे पट्टे, आणि हिरवं म्हणून काही नाही.

एअरपोर्ट एवढासा, बॅगांच्या पट्ट्यावर मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं. बाहेर आलो तर अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी, खाली लिहिलेलं की हे पूर्ण स्वालबार्डला लागू. रात्री साडेअकराला हॉटेलवर पोचलो तेव्हा ऊन डोळ्यांवर येत होतं. २० एप्रिलच्या आसपास सूर्य वर येतो तो २२ ऑगस्टच्या सुमाराला मावळतो, मधे मावळणं नाहीच. पडदे जाड होते पण फटीतून एक रेघ यायचीच, ताईने तिथे चिमटे लावले, घरून आणले होते, कपडे वाळत घालायचे.

शनिवार

गाव पायी फिरायला दोन तास पुरतात पण आम्हाला अख्खा दिवस लागला कारण दर दहा पावलांवर काहीतरी विचारण्यासारखं.

पहिली गोष्ट म्हणजे घरं. सगळी लाल, पिवळी, हिरवी लाकडी घरं खांबांवर उभी, खालून वारा आरपार. जमीन कायमची गोठलेली आहे, घराची ऊब खाली गेली तर ती वितळून घर कलणार, म्हणून घर जमिनीला टेकवायचंच नाही. पाण्याचे, गटाराचे पाइपसुद्धा जमिनीवरूनच, लाकडी आवरणातून जातात. उन्हाळ्यात वरची मीटर-दीड मीटर माती तेवढी सैल होते, आणि अलीकडे ती जास्त खोलपर्यंत सैल व्हायला लागलीय, त्यामुळे जुन्या घरांचे लाकडी खांब बदलून खोल स्टीलचे घालायचं काम चालू आहे.

दुसरी गोष्ट, चपला. हॉटेलात, म्युझियममध्ये, चर्चमध्ये, सगळीकडे दारात बूट काढून मोज्यांवर आत. ताई खूश, "बघ, आपल्यासारखीच माणसं." कारण मात्र वेगळं आहे. हे खाणकामगारांचं गाव, कोळशाची भुकटी घरात यायला नको म्हणून पडलेली सवय, खाणी बंद झाल्या तरी टिकलेली.

डोंगरउतारावर अजून लाकडी मनोरे उभे आहेत, इंग्रजी ए अक्षरासारखे, एकामागे एक रांगेत, त्यावरून तारांना लटकलेल्या बादल्यांतून कोळसा खाणीपासून धक्क्यापर्यंत यायचा. या गावाचं नावच मुळी एका अमेरिकन माणसाचं. जॉन मनरो लाँगइयर, मिशिगनचा धंदेवाईक माणूस, त्याने १९०६ ला आर्क्टिक कोल कंपनी काढून इथे खाण सुरू केली, १९१६ ला ती नॉर्वेच्या स्टोरे नोर्स्के कंपनीने विकत घेतली. आणि आम्ही जायच्या थोडेच दिवस आधी, ३० जून २०२५ ला, नॉर्वेची शेवटची कोळशाची खाण, गृव्ह ७ (गृव्ह म्हणजे खाण), बंद झाली. कोळशावरचं वीज केंद्र तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच बंद करून डिझेलवर आणलंय. म्हणजे ज्या गावाने शंभराहून जास्त वर्षं कोळसा काढला तिथे आता डिझेल जहाजातून येतं. हे पर्यावरणाच्या नावाखाली केलंय म्हणतात, मला तरी त्याचा हिशेब लागला नाही.

चर्चच्या पुढे उतारावर पांढऱ्या क्रूसांचं छोटं कब्रस्तान आहे. इथे मरायला कायद्याने बंदी आहे असं व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, ते खोटं. मरायला कोण बंदी घालणार. शवपेटी पुरायला मिळत नाही एवढंच, कारण गोठलेल्या जमिनीत प्रेत कुजत नाही आणि गोठण-वितळण होत होत पेटी हळूहळू वर यायला लागते. अस्थी परवानगीने ठेवता येतात. १९१८ च्या साथीत इथे सात तरुण मजूर स्पॅनिश फ्लूने गेले, त्यांच्या कबरी १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम उघडल्या, बर्फात विषाणू टिकलाय का बघायला. जिवंत विषाणू मिळाला नाही. जन्माचंही तसंच, हॉस्पिटल लहान, त्यामुळे बाळंतपणासाठी काही आठवडे आधीच मुख्य भूमीवर जायचं. मांजर पाळायला मात्र खरोखरच बंदी आहे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी.

म्युझियममध्ये मी युद्धाच्या भागात अडकले. या ओसाड बेटावर दुसऱ्या महायुद्धात भांडायला काय होतं? हवामान. युरोपचं हवामान इथूनच खाली सरकतं, त्यामुळे इथली नोंद ज्याच्या हाती त्याला पुढच्या दिवसांचा अंदाज आधी. १९४१ ला सगळे लोक हलवले, कोळसा पेटवून दिला, आणि १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांच्या टिरपिट्झ आणि शार्नहोर्स्ट या दोन मोठ्या युद्धनौकांनी येऊन हे लाकडी गाव जाळलं. पलीकडच्या नॉर्डऑस्टलँडेट बेटावर अकरा जर्मनांचं एक हवामान केंद्र होतं, युद्ध मे महिन्यात संपलं तरी यांना न्यायला कोणी आलंच नाही, शेवटी ४ सप्टेंबर १९४५ ला त्यांनी एका नॉर्वेजियन शिकारी बोटीच्या कप्तानापुढे शरणागती पत्करली. जर्मन सैन्यातले शरण येणारे हे शेवटचे.

रविवार

सकाळी गृव्ह ३ बघितली. ही १९९६ ला बंद झालेली, आता टूरिस्टांना आत नेतात, हेल्मेट, दिवा, ओव्हरऑल घालून. कोळशाचा थर किती जाड असेल असं तुम्हाला वाटतं? उभ्याने सोडा, बसूनही काम करता येत नव्हतं. कंबरेपेक्षा कमी उंचीच्या फटीत आडवं पडून, कोपरांवर सरपटत, अख्खी शिफ्ट. एका जागी हौशी लोकांना सरपटून बघायला देतात. मी गेले, चार हात गेले असेन, वरचा दगड पाठीला घासायला लागला, दिव्याच्या उजेडात समोर फक्त लाकडी टेकू आणि काळी भिंत, आणि मागे ताईचा आवाज, "पुरे झालं, ये आता मागे." आले.

याच खाणीत १९८४ पासून नॉर्डिक देशांच्या जीन बँकेने बियाण्यांचे नमुने ठेवले होते, थंडी फुकट म्हणून. त्यातूनच पुढे जगभरच्या पिकांची बियाणी जपून ठेवणाऱ्या जगप्रसिद्ध बीज-तिजोरीची कल्पना आली. ती इथून जवळच, वर. २६ फेब्रुवारी २००८ ला उघडली. डोंगरात शंभर मीटरहून आत बोगदा, शेवटी खोल्या, त्या उणे १८ अंशांवर ठेवतात. आत आपल्याला सोडत नाहीत, दारापर्यंतच जायचं. दार म्हणजे डोंगरातून बाहेर आलेली काँक्रीटची एक उभी अरुंद भिंत, वर काचा-आरशांची कलाकृती, उन्हात लखलखणारी. एवढंच. ताईला वाटलं होतं आत काहीतरी दाखवतील, तिची निराशा झाली.

मी मात्र तिथे बराच वेळ उभी राहिले. सध्या आत १३ लाखांच्या वर नमुने आहेत आणि त्यात हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने पाठवलेले पण आहेत, इक्रिसॅटची पिकं म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. आमच्या मामाच्या शेतात यातली चार पिकं होती. ठेवणाऱ्याचा माल ठेवणाऱ्याचाच राहतो, बँकेच्या लॉकरसारखं, दुसऱ्या कुणाला पेटी उघडता येत नाही. हे ऐकून ताईचा मूड सुधारला, लॉकर तिचा विषय. "कुणी काढलंय का कधी?" काढलंय. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा संस्थेची बियाण्यांची बँक होती, युद्धामुळे तिथे काम करणं अशक्य झालं तेव्हा २०१५ ला त्यांनी इथून आपले नमुने परत नेले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले आणि नंतर नवे आणून परत जमा केले.

मी ताईला म्हटलं, या बेटाचा चारशे वर्षांचा इतिहास बघ, जो आला तो काहीतरी न्यायला आला. देवमाशाची चरबी, कातडी, कोळसा, नाहीतर ध्रुवावर पहिलं पोचल्याचं नाव. इथे काही आणून ठेवायचं हे या तिजोरीने केलं. ताई म्हणाली, वाक्य छान आहे पण मला भूक लागलीय.

सोमवार

बोटीने बिल्लेफ्योर्ड. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. दिवसाची ट्रिप. पाणी काचेसारखं, डोंगरांचे थर आडवे, पुस्तकाची पानं एका बाजूने बघावीत तसे. इथे माती नाही, झाड नाही, त्यामुळे सगळा भूगर्भ उघडा पडलाय, वर्गात दोन तास घालवून जे समजवायचं ते इथे बोट करून दाखवता येतं. ही जमीन कधीकाळी विषुववृत्ताजवळ होती. याच भागात एका दरीत ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे बुंधे दगड होऊन उभ्याच्या उभे सापडलेत. पुढे जमीन उत्तरेकडे सरकत सरकत इथवर आली. लाँगइयरब्येनचा कोळसा त्या मानाने कालचा, सहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तेव्हाही इथे पानझडी जंगल होतं.

नोर्डेनशोल्ड हिमनदीसमोर बोट थांबवली. निळा रंग फोटोत येत नाही, उगाच प्रयत्न करू नका. मधेच बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, बघावं तर काही पडलेलं नसतं, आत कुठेतरी बर्फ तडकलेला असतो.

समोरच्या किनाऱ्यावर पिरामिडेन. हे रशियन गाव. स्वीडिश लोकांनी सुरू केलेली खाण सोव्हिएत युनियनने १९२७ ला घेतली, भरभराटीच्या काळात इथे हजाराच्या वर माणसं होती, पोहायचा तलाव, वाचनालय, थिएटर, ग्रँड पियानो, आणि गवत उगवावं म्हणून बाहेरून आणलेली माती. १९९६ च्या ऑगस्टमध्ये खाणकामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन येणारं रशियन विमान लाँगइयरब्येनजवळ ऑपेराफ्येलेट डोंगरावर आपटलं, सगळेच्या सगळे १४१ जण गेले. खाण तशीही तोट्यातच होती. १९९८ ला बंद केली आणि माणसं निघून गेली. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून बऱ्याच नॉर्वेजियन टूर कंपन्या तिथे उतरवत नाहीत, आमचीही नाही, त्यामुळे डेकवरून दुर्बिणीने बघितलं. विटांच्या इमारती सरळ रांगेत, मधल्या चौकात लेनिनचा पुतळा समुद्राकडे तोंड करून. खिडक्यांच्या कठड्यांवर किटीवेक पक्ष्यांनी घरटी केलीयत, मजल्यांच्या मजले, त्यांचा कलकलाट पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होता.

आता तो करार. १९२० पर्यंत हे बेट कुणाचंच नव्हतं. डच माणूस विलेम बॅरेंट्स १५९६ च्या जूनमध्ये इथे पोचला, त्याच्या आधीच्या कुणाची पक्की नोंद नाही, मूळचे रहिवासी इथे कधी नव्हतेच. नंतर ज्याला जे पाहिजे ते त्याने न्यावं असा कारभार. कोळसा सापडल्यावर मात्र जमिनीच्या हद्दींवरून भांडणं सुरू झाली, ती सोडवायला कोर्ट नाही, पोलिस नाही. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या वाटाघाटींत हा प्रश्न घेतला आणि ९ फेब्रुवारी १९२० ला करार झाला. सत्ता नॉर्वेची, पण सह्या करणाऱ्या सगळ्या देशांच्या लोकांना इथे धंदा करायचा, राहायचा समान हक्क, आणि युद्धाच्या कामासाठी बेट वापरायचं नाही. १९२५ ला तो लागू झाला. रशियन लोक इथे खाण चालवतात ते याच हक्काने, बॅरेंट्सबुर्गला अजूनही चालवतात.

मंगळवार

सकाळी लाँगइयर हिमनदीच्या पायथ्याशी गेलो, गाइडच्या खांद्यावर रायफल. गावाच्या हद्दीबाहेर अस्वलापासून बचावाचं साधन असल्याशिवाय जाता येत नाही. हिमनदीने ढकलून आणलेल्या दगडांचे ढीग आहेत, त्यातला एक पातळ राखाडी दगड गाइडने उलटा केला आणि त्यावर पान. मधली शीर, दोन्ही बाजूंना फुटलेल्या उपशिरा, कडेचे दाते, सगळं स्पष्ट, तांबूस रंगाचं. ताई पहिल्यांदा गप्प झाली. मग तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पिंपळाचं नाही बाई हे." नाहीच. आणि दोन पावलांवर आजचं झाड, ध्रुवीय विलो, उंची माझ्या करंगळीएवढी, जमिनीला चिकटून पसरलेलं. झाड नाही असं वर म्हटलंय ते या हिशोबाने.

येताना सुकरटोप्पेन डोंगराखाली हिमकडे अडवायची कुंपणं दिसली. डिसेंबर २०१५ ला इथून बर्फ सुटून अकरा घरं उद्ध्वस्त झाली, दोघं गेले, त्यात एक लहान मुलगी. हे गाव इतक्या झपाट्याने तापतंय की आधी ज्या हवामानाच्या सवयी होत्या त्यावर आता भरवसा ठेवता येत नाही. वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून पाणी २०० मिलिमीटरच्या आसपास, खरं तर वाळवंट, पण आता हिवाळ्यात पाऊस पडतो. तो जमिनीवर गोठतो आणि रेनडियरला खालचं गवत खाता येत नाही. हे रेनडियर इथले खास, आखूड पायांचे, गुबगुबीत, हॉटेलच्या मागे चरत असतात आणि माणसाकडे ढुंकून बघत नाहीत.

संध्याकाळी जहाजावर चढलो. छोटं जहाज. २०२५ पासून संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजांना जाताच येत नाही.

बुधवार

नी-ऑलेसुंड. याच्यासाठी मी आले होते.

पोचायच्या आधीच सूचना, फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, घड्याळातलं पण बंद करा. इथल्या अँटेना खूप दूरच्या आकाशगंगांमधून येणारे रेडिओ सिग्नल पकडून पृथ्वीची हालचाल मोजतात, आपल्या हेडफोनची भुणभुण त्यात नको. जहाजावरचे सगळे अचानक एकमेकांशी बोलायला लागले.

७८ अंश ५५ मिनिटं, कोंग्सफ्योर्डच्या काठी, आधी हेही कोळशाचंच गाव. ५ नोव्हेंबर १९६२ ला खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले. त्यावरून ऑस्लोत एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी सरकार पडलं आणि इथली खाण कायमची बंद. मग रिकाम्या घरांचं काय करायचं, तर संशोधन. आज दहाएक देशांची केंद्रं एका वाडीएवढ्या जागेत आहेत. चीनच्या केंद्रासमोर दगडी सिंह बसलेत.

आणि एका लाकडी घराच्या दारावर पाटी, हिमाद्री. भारताचं केंद्र, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं. हे चालवतं कोण, तर गोव्यात वास्कोला हेडलँड सडा इथे असलेली आपली ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. दाबोळीला उतरून बीचवर जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की टेकडीवरच्या त्या संस्थेतून लोक अंटार्क्टिकाला आणि इथे पाठवले जातात. इथे फ्योर्डचं पाणी, हवेतले कण, हिमनद्या यांचा अभ्यास चालतो. इथला बर्फ कमी झाला तर आपल्या मान्सूनवर काय परिणाम होतो, हा त्यातला मोठा प्रश्न. २०१४ ला फ्योर्डच्या पाण्याखाली इंडआर्क नावाची उपकरणांची दोरी सोडलीय, ती तापमान, खारटपणा वगैरे सतत नोंदवते. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं ध्रुवीय रात्रीतही इथे राहायला लागलीयत. हे समजल्यावर ताईने दारासमोर फोटो काढायचा हट्ट धरला, फोन फ्लाइट मोडवर चालतो, काढला.

भारत इथे पाहुणा म्हणून आलेला नाही हेही सांगते. १९२० च्या त्या करारावर मूळच्या सह्यांमध्ये भारत आहे. अर्थात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून, सही साहेबानेच केली, आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. पण सही लागू आहे.

गावाबाहेर हवाई जहाज, म्हणजे वायू भरलेल्या प्रचंड फुग्यासारखं उडणारं जहाज, बांधायचा लोखंडी मनोरा उभा आहे. ११ मे १९२६ ला नॉर्वेचा आमुंडसेन, अमेरिकेचा एल्सवर्थ आणि इटलीचा नोबिले यांचं नोर्गे नावाचं हवाई जहाज इथून सुटलं, दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेलं आणि अलास्कात उतरलं. दोन वर्षांनी नोबिले दुसरं जहाज घेऊन आला, इटालिया, ते ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळलं. आमुंडसेनचं नि त्याचं तोवर पार बिनसलं होतं, तरी त्याला शोधायला आमुंडसेन विमानाने निघाला आणि १८ जून १९२८ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. नोबिले वाचला.

मनोऱ्याकडे जाताना आर्क्टिक टर्न पक्षी डोक्यावर झडप घालतात, घरटी रस्त्याच्या कडेलाच. उपाय म्हणजे डोक्याच्या वर काठी धरायची, ते सगळ्यात उंच टोकावर चोच मारतात. ताईने छत्री धरली.

गुरुवार

पहाटे वायव्य टोकाला. स्मीरेनबुर्गला उतरायचं होतं, सतराव्या शतकातलं डचांचं देवमासे वितळवायचं ठाणं. बोहेड जातीचा देवमासा सावकाश पोहतो आणि मेल्यावर तरंगतो, म्हणून त्याचा सत्यानाश झाला. किनाऱ्यावर भल्या मोठ्या तांब्याच्या कढयांत चरबी उकळायची, तेल पिंपात भरून ॲमस्टरडॅमला, दिव्यांसाठी, साबणासाठी. काही दशकांत फ्योर्ड रिकामे झाले, ठाणं ओस पडलं. त्या भट्ट्यांच्या कडेला सांडलेलं तेल वाळूबरोबर घट्ट होऊन सिमेंटसारखं बसलंय, ती वर्तुळं अजून दिसतात म्हणे.

म्हणे, कारण आम्ही उतरलोच नाही. लाइफ जॅकेट घालून रांगेत उभे आणि गाइडने दुर्बिणीतून किनारा तपासताना हात वर केला. अस्वल. १ जुलैपासून ३०० मीटरचं अंतर ठेवायचं, त्याआधीच्या महिन्यांत ५००, त्यामुळे कार्यक्रम रद्द. मला दुर्बिणीतून आधी काही कळेना, बर्फापेक्षा पिवळट असा एक ठिपका, मग तो उठला, अंग झटकलं, चार पावलं जाऊन परत आडवा झाला. अर्धा तास हेच. त्याची शिकार १९७३ पासून बंद आहे. ताईने विचारलं, एवढ्यासाठी एवढे पैसे? जहाजावरच्या निम्म्या लोकांचे डोळे पाण्याने भरले होते, तिला ते फारच जास्त वाटलं.

शेजारच्या बेटावर विर्गोहाम्ना, ते पाण्यातूनच बघितलं. स्वीडनचा आंद्रे ११ जुलै १८९७ ला इथून हायड्रोजनच्या फुग्यात बसून ध्रुवाकडे निघाला, सोबत स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल. निघतानाच दिशा ठरवायच्या दोरांचे तुकडे तुटून खाली पडले, तरी गेले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. मग अडीच-तीन महिने चालत, बर्फावर वाहत क्वितोया बेटापर्यंत, तिथे तिघेही मेले. १९३० ला प्रेतं सापडली आणि त्यांच्याजवळ कॅमेऱ्याच्या फिल्मा. तेहतीस वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्मा धुतल्या तर चक्क फोटो आले, आडव्या पडलेल्या फुग्यासमोर उभी दोन माणसं. मला हे साहस वाटत नाही, हट्ट वाटतो.

शुक्रवार, शनिवार

८० अंश ओलांडले, भोंगा वाजला, मोफेन नावाच्या सपाट बेटावर वॉलरस लांबून बघितले, तपकिरी ढिगारा, मधेच एखादा सुळा वर. त्यांना मारायला १९५२ पासून बंदी आहे आणि ते आता परत वाढलेत. बाकी धुकं. शनिवारी समुद्र खवळला, आम्ही दोघी आडव्या, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार

विमान दुपारी, म्हणून सुपरमार्केटमध्ये. दारातच बंदूक आत आणू नका अशी पाटी. भाजीच्या भावाबद्दल ताई अजून बोलतेय.

गल्ल्यावरची बाई थायलंडची निघाली. इथे परदेशी लोकांमध्ये थाई आणि फिलिपिनो सगळ्यात जास्त, व्हिसा नको, वर्क परमिट नको, टॅक्स कमी. ताईचे डोळे चमकले. "म्हणजे आपण पण येऊन राहू शकतो? कितीही वर्षं?"

राहू शकतो, बाई म्हणाली, पण स्वतःच्या पैशाने. नोकरी किंवा साठवलेला पैसा आणि राहायला जागा दाखवता आली नाही तर गव्हर्नर परत पाठवतो. सरकारी मदत नाही, म्हाताऱ्यांची सोय नाही. आणि २०२२ पासून, मुख्य भूमीवर तीन वर्षं राहिलेले नसाल तर गावच्या निवडणुकीत परदेशी माणसाला मतही नाही, त्यावरून तिथे नाराजी आहे.

"मग पेन्शन चालेल का?" ताईने विचारलं.

बाईने खांदे उडवले आणि बिल पुढे केलं.